आज शी झाली का?

तान्हं बाळ असलेल्या घरी फोन करणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतोच. झाली नसेल तर काळजी, चार वेळा झाली तरी काळजी. हिरवी झाली की आजी म्हणते गार बाधलं, फारच पिवळी दिसली तर कुणीतरी काविळीची शंका काढतं. नव्या आईबाबांच्या मोबाइलमध्ये बाळाच्या फोटोंच्या मधे मधे डायपरचे फोटो असतात ते यामुळेच. यातली बरीचशी काळजी अस्थानी असते. शी किती दिवसांनी झाली आणि हिरवी की पिवळी, यापेक्षा ती कडक आहे की मऊ, आणि बाळ पितंय, खेळतंय, वजन वाढतंय का, यावरून जास्त कळतं. मात्र दोन-तीन रंग असे आहेत की ते दिसल्यावर एक दिवसही थांबायचं नाही, आणि घरातल्या चर्चेत नेमके तेच कधी येत नाहीत.

पहिला आठवडा आधी घेऊ. जन्मानंतरची पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. बहुतेक बाळांना ती पहिल्या २४ तासांत होते. पूर्ण दिवसांच्या बाळाला २४ तास उलटूनही झाली नाही तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं. ४८ तास झाले तर तपासणी व्हायलाच हवी. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः चेतापेशी नसणं हे त्यामागचं एक कारण असू शकतं, त्याला हिर्शस्प्रंगचा आजार म्हणतात. ही काळी शी ओल्या कापसाने पुसता पुसली जात नाही, आणि घासून घासून बाळाची कातडी लाल होते. कापसाला थोडं खोबरेल तेल लावा, लगेच सुटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग हिरवट तपकिरी होतो आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळा. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल तर पोटात दूध पुरेसं जात नाही असं समजायचं. मग शू मोजायची: पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा वेळा व्हायला हवी. जन्मानंतर वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत पुन्हा जन्माच्या आकड्यावर येतं. तसं येत नसेल तर बाळ छाती नीट तोंडात घेतंय का, हे जाणकार माणसाकडून बघून घ्या. पावडरचा डबा आणणं ही त्यानंतरची पायरी.

याच दिवसांत लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा केशरी-गुलाबी डाग दिसतो आणि घरात रक्त म्हणून गोंधळ उडतो. ते शूमधले युरेटचे स्फटिक असतात, दूध वाढलं की जातात. पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिले तर पुन्हा तेच, दूध कमी पडतंय. मुलींना पहिल्या आठवड्यात अंगावरून थेंबभर रक्त जातं ते आईच्या संप्रेरकांचा अंमल उतरल्यामुळे. त्याला औषध लागत नाही.

आता दिवस मोजण्याचा प्रश्न. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या महिन्यात दर पिण्यानंतर शी होऊ शकते. पोटात दूध पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा निरोप जातो, म्हणून पिता पिताच लंगोट भरतो. ती पिवळी, पातळसर, मधे मधे कण असलेली आणि किंचित आंबूस वासाची असते. हे जुलाब नव्हेत. साधारण सहा आठवड्यांनंतर उलटी तऱ्हा सुरू होते: कालपर्यंत दिवसाला सहा वेळा करणारं बाळ आज करत नाही, उद्या नाही, आठवडा जातो. आईचं दूध जवळजवळ पूर्ण पचतं, मागे उरतं फारच थोडं. सात-आठ, कधी दहा दिवसांनी झाली तरी चालतं, पण ती झाल्यावर मऊ असली पाहिजे, पोट हाताला मऊ लागलं पाहिजे, आणि बाळ नेहमीसारखं पीत असलं पाहिजे. पहिल्या महिन्यातच शी कमी होत असेल तर मात्र हा दिलासा लागू नाही, तिथे वजन तपासायचं. पावडरच्या दुधावरच्या बाळाची शी जास्त घट्ट, जास्त वासाची आणि बहुधा रोजची असते. तिथे खडा होतोय असं वाटलं तर आधी डब्यावरचं प्रमाण आणि आपण घालतोय ते प्रमाण पडताळून बघा. चमचा शिगोशीग भरणं किंवा 'पोट भरेल' म्हणून अर्धा चमचा जास्त घालणं हे नेहमीचं कारण असतं. आधी पाणी मोजायचं, मग सपाट केलेला चमचा, आणि चमचा त्याच डब्यातला, कारण प्रत्येक कंपनीचा चमचा वेगळा असतो.

लाल-लाल होऊन कुंथणाऱ्या दोन महिन्यांच्या बाळाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे घरोघरी नको ते उपाय होतात. बाळ दहा-पंधरा मिनिटं कुंथतं, रडतं, चेहरा टोमॅटोसारखा होतो आणि मग होते ती शी अगदी मऊ. ही बद्धकोष्ठता नाही. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी गुदद्वार सैल सोडायचं, हा मेळ त्याला अजून जमत नाही. नऊ महिन्यांपर्यंत कधीही असं दिसू शकतं, आणि बहुतेकांचं आपोआप जातं. आपण करायचं एवढंच की गुडघे हलकेच पोटाकडे दुमडून धरायचे आणि वाट बघायची.

पण वाट कोण बघतो! विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून आत घालतात, नाहीतर साबणाची काडी कोरून घालतात. शी होते, लगेच होते, म्हणूनच हे उपाय टिकून राहिले आहेत. पण साबण हा क्षार आहे, आतलं नाजूक अस्तर त्याने भाजल्यासारखं लाल होतं. देठाने ओरखडा निघतो आणि पुढच्या वेळी शी करताना दुखतं. शिवाय जो मेळ बाळाने स्वतः शिकायचा तो शिकणं राहून जातं, कारण दर वेळी बाहेरून टोचणी मिळतेच. थर्मामीटरचं टोक किंवा कानातली कापसाची काडी घालणं हेही याच जातीतलं.

गुटीचा विषय नाजूक आहे. सहाणेवर हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ यांचे वळसे उगाळून आईच्या दुधात चाटवायचे ही पद्धत प्रेमाची आहे, त्यामुळे आजीशी वाद घालणं कुणालाच नको असतं. तरी स्पष्ट सांगायला हवं. हिरडा रेचक आहे, त्याने शी पातळ होते आणि मग 'पोट साफ झालं' असं वाटतं. जायफळाने गुंगी येते, बाळ 'शांत' झोपतं. वेखंडाने उलट्या होऊ शकतात. किती वळसे म्हणजे किती मिलिग्रॅम हे कुणी सांगू शकत नाही, आणि चार किलोच्या जिवाला थोडा फरकही फार होतो. त्यात कोंदट डबीतल्या मुळ्यांना बुरशी येते आणि सहाण नुसती पाण्याखाली धुतलेली असते. पहिले सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब (रोज ४०० आययू) एवढंच पुरतं. वरचं पाणीही नको, विदर्भातल्या मे महिन्यातही नको. दूध जास्त वेळा पाजायचं. आणि सोन्याचा वळसा मधातून द्यायचा हट्ट असेल तर तिथे ठाम राहा: एक वर्षापर्यंत मध अजिबात नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. त्या आजाराचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा बद्धकोष्ठता हेच असतं. मग रडणं क्षीण होतं, मान लुळी पडते, चोखणं मंदावतं.

आता रंग. पिवळा, तपकिरी, हिरवा हे तिन्ही नेहमीचे. पित्त मुळात हिरवंच असतं. आतड्यातून जाताना ते पिवळं-तपकिरी होतं, आणि शी जरा लवकर पुढे सरकली तर हिरवीच बाहेर येते. लोह घातलेली पावडर, पालक, मटार, सर्दीत गिळलेला शेंबूड, कशानेही ती हिरवी होते. गार लागण्याशी त्याचा संबंध नाही.

पांढुरकी, राखाडी, शाडूच्या मातीच्या रंगाची शी ही मात्र धोक्याची खूण आहे. शीला रंग पित्तामुळे येतो. रंगच नाही याचा अर्थ पित्त आतड्यात उतरत नाही. बिलिअरी अॅट्रेशिया या आजारात जन्मानंतर लवकरच पित्तनलिका बुजत जातात आणि यकृत आतून खराब होऊ लागतं. त्यावर कासाई शस्त्रक्रिया करतात आणि बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर ती यशस्वी होण्याची शक्यता जास्त असते. अडचण अशी की बाळ गुटगुटीत दिसतं, पीतही असतं, आणि 'कावीळ काय, सगळ्याच बाळांना होते, कोवळं ऊन दाखवा' असं म्हणत आठवडे निघून जातात. तैवानने २००४ पासून प्रत्येक नव्या बाळाच्या आईला शीच्या रंगांचं कार्ड द्यायला सुरुवात केली, आणि असे आजार लवकर पकडले जाऊ लागले. आपल्याकडे असं कार्ड घरोघर पोचत नाही, म्हणून हे लक्षात ठेवायचं: १४ दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील, शू लंगोटाला पिवळा डाग पाडत असेल (तान्ह्याची शू जवळपास रंगहीन असते) किंवा शी फिकट होत चालली असेल, तर रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत अंग पिवळं करणारं रंगद्रव्य) तपासून घ्यायचं, आणि तेही एकूण आणि डायरेक्ट असं वेगवेगळं. शीचा रंग नेहमी दिवसाउजेडी, खिडकीपाशी बघा. पिवळसर बल्बखाली फिकट शीसुद्धा पिवळी दिसते.

लाल दिसली तर आधी काल काय खाल्लं ते आठवा. बीट, टोमॅटोची सालं, लाल ड्रॅगनफ्रूट, रंगीत जेली. खरंच रक्त असेल तर ते कुठे आहे ते बघायचं. कडक शीच्या बाहेरून एक ताजी लाल रेघ असेल तर गुदद्वाराशी चीर पडलेली असते. रक्त शीत मिसळलेलं आहे, सोबत आव आहे, तर जंतुसंसर्ग किंवा लहान बाळात गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी असू शकते, दोन्हीसाठी डॉक्टर हवेत. आणि तीन महिने ते दोन वर्षांच्या मुलाला थांबून थांबून कळा येत असतील, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी अचानक किंकाळी, पाय पोटाशी, मग मलूल, पुन्हा तेच, सोबत उलट्या, तर लाल जेलीसारखी शी दिसेपर्यंत थांबू नका. आतड्यात आतडं शिरल्याची ही लक्षणं आहेत. वेळेवर पोचलं तर बऱ्याचदा गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून ते मागे ढकलता येतं, उशीर झाला तर पोट उघडावं लागतं.

काळी शी लोहाच्या औषधाने होते. अॅनिमिया मुक्त भारत योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप (२० मिलिग्रॅम लोह) दिलं जातं, आणि शी काळी झाली म्हणून कित्येक घरांत ती बाटली कोपऱ्यात जाते. चालू ठेवा. जांभळं, करवंदं, काळी द्राक्षं यांनीही होते. यातलं काहीच पोटात गेलेलं नसताना डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी झाली तर मात्र वरच्या आतड्यातून रक्त येत असू शकतं.

सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की सगळं बदलतं. वास येऊ लागतो, घट्टपणा येतो, मटार आणि मक्याचे दाणे जसेच्या तसे बाहेर येतात. केळं खाल्ल्यावर शीत बारीक काळ्या दोऱ्या दिसतात आणि त्यांना हमखास जंत समजलं जातं. त्या केळ्यातल्याच असतात. नखाने ओढून बघा, तुटतात आणि हलत नाहीत. खऱ्या सुतकिड्या पांढऱ्या असतात, हलतात, आणि रात्री खाज आणतात. मूल दात खातं म्हणून जंत झाले हेही खरं नाही. जंताचं औषध तसंही एक वर्षानंतर वर्षातून दोनदा द्यायचंच असतं. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत मिळतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम), त्यापुढे पूर्ण, आणि लहानांना ती कुटून पाण्यातच द्यायची, कारण अख्खी गोळी घशात अडकू शकते.

खडा होण्याची कहाणी साधारण याच वयात सुरू होते. सुरुवातीचं खाणं बघा: भाताची पेज, साबुदाण्याची खीर, केळं, दुधात बुडवलेलं बिस्किट. सगळं पिठूळ, चोथा नावालाच. वर्षानंतर त्यात गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाची भर पडते. जेवत नाही म्हणून दूध द्यायचं, दुधाने पोट भरतं म्हणून जेवत नाही, आणि दिवसाला बाटलीतून लिटरभर दूध जातं. एक वर्षानंतर दिवसाचं दूध ४०० ते ५०० मिलिच्या वर जाऊ देऊ नका. एवढ्या एका बदलाने अर्धी बद्धकोष्ठता सुटते, आणि लोहही कमी पडत नाही, कारण जास्त दूध हे लहान मुलांच्या रक्तक्षयाचं मोठं कारण आहे.

मग द्यायचं काय? नाशपाती, प्लम, पीच या फळांत सॉर्बिटॉल नावाची साखर असते. ती पूर्ण शोषली जात नाही आणि आतड्यात पाणी धरून ठेवते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या गोष्टींत काळ्या मनुका, अंजीर, पपई, पेरू, शिजवलेला लाल भोपळा, पालेभाजी घातलेलं वरण. आठ-दहा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी त्याच पाण्यात कुस्करायच्या, लहान बाळाला गाळून द्यायच्या. अख्खी मनुका दोन-तीन वर्षांपर्यंत हातात नको, श्वासनलिकेत जायला बरोबर त्याच मापाची असते. सहा ते बारा महिन्यांत जेवणासोबत पेल्याने थोडं थोडं मिळून दिवसाला १२० ते २४० मिलि पाणी पुरतं. गुरगुट्या भातावर साजूक तूप जरूर घाला, चवीसाठी आणि उष्मांकांसाठी. त्याने खडा सुटेल ही आशा ठेवू नका.

दोन-अडीच वर्षांच्या मुलात प्रश्न बदलतो, तिथे अन्नापेक्षा भीती मोठी असते. एकदा कडक शी झाली, चीर पडली, दुखलं. पुढच्या वेळी कळ आली की मूल शी धरून ठेवतं. जेवढा वेळ आत राहील तेवढं आतडं त्यातलं पाणी शोषतं, ती आणखी मोठी आणि टणक होते, आणि पुन्हा दुखतं. घरच्यांना दिसतं ते असं: मूल पडद्याआड किंवा सोफ्याच्या मागे जातं, चवड्यांवर उभं राहतं, पाय आवळतं, अंग ताठ करतं, लाल होतं. सगळ्यांना वाटतं बिचारा केवढा जोर लावतोय. तो जोर लावत नसतो, थांबवत असतो. हे एकदा ओळखता आलं की 'जोर लाव, जोर लाव' म्हणणं आपोआप बंद होतं.

अशाच मुलाच्या चड्डीला कधी पातळ डाग दिसू लागतात. वाटतं जुलाब झाले. खरं तर आतल्या टणक गोळ्याच्या कडेने पातळ शी पाझरत असते आणि मुलाला ते कळतही नाही. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर प्रश्न आणखी बिघडतो. यावर उपचार म्हणजे आधी साचलेलं सगळं काढणं आणि मग कित्येक महिने शी मऊ ठेवणं. त्यासाठी डॉक्टर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, लहान बाळांना लॅक्टुलोज. मात्रा वजनावर ठरते. 'सवय लागेल' या भीतीने आठ दिवसांत बंद करणं हीच यातली सगळ्यात नेहमीची चूक. ही औषधं शीत पाणी धरून ठेवतात, आतड्याला चाबूक मारत नाहीत. त्यांची सवय लागत नाही. ताणलेलं आतडं मूळ मापावर यायला आणि मुलाच्या मनातून दुखण्याची आठवण जायला महिने लागतात, म्हणून मात्रा हळूहळूच कमी करायची. चीर पडली असेल तर शी झाल्यावर पाच-दहा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसवलं की बरं वाटतं.

बसवण्याचीही एक रीत आहे. जेवणानंतर वीसेक मिनिटांनी, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पाय लोंबकळत ठेवले तर जोर लावताच येत नाही. कमोडवर छोटी सीट आणि पायाखाली पाट किंवा स्टूल, गुडघे कमरेच्या जरा वर. भारतीय पद्धतीच्या संडासात कोन आपोआप बरोबर येतो, पण लहानग्याला त्या भोकाची भीती वाटते. जमिनीवरची पॉटी सगळ्यात सोपी. झाली नाही तरी उठू द्यायचं, रागवायचं नाही. प्लेग्रुपच्या प्रवेशासाठी 'जूनपर्यंत डायपर सुटायलाच हवा' अशी घाई करताना मुलाला खडा होत असेल, तर आधी शी मऊ करा, डायपर नंतर. जन्मापासूनच त्रास, फुगलेलं पोट, हिरवी उलटी, वजन न वाढणं, यातलं काही सोबत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

आता जुलाब. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखी शी, नेहमीपेक्षा वेगळी, म्हणजे जुलाब. दात येताना होतात असं सगळे म्हणतात. दात काही करत नाहीत. सहा-आठ महिन्यांचं बाळ रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती त्याच सुमारास उतरत असते, एवढंच. 'दाताचे आहेत' म्हणून दुर्लक्ष झालं की धोका वाढतो, कारण बाळ जुलाबाने जातं ते अंगातलं पाणी संपून.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून तोंडाने द्यायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं, हे त्यामागचं गणित. ते प्रमाणावर चालतं. आज हेच पाणी ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, म्हणून पाकिटात मिळतं. एक लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट, एकूण २०.५ ग्रॅम. त्यामुळे पाकीट थोडं थोडं काढून वाटीत कालवायचं नाही. अख्खं पाकीट, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. बाजारात २०० मिलिची छोटी पाकिटंही असतात, ती लिटरभरात घातली तर निव्वळ गोडसर पाणी होतं. उलट लिटरचं पाकीट पेल्यात घातलं तर रक्तात सोडियम वाढून झटके येऊ शकतात. पाणी उकळून गार केलेलं. मिसळल्यावर पुन्हा उकळायचं नाही, वर साखर किंवा सरबत घालायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं.

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलि, मोठ्याला १०० ते २०० मिलि. पेला तोंडाला लावला की मूल गटागटा पितं आणि भडभडून ओकतं, मग घरात ठरतं 'ओआरएस पचत नाही'. चमच्याने द्या, एक-दोन मिनिटांनी एक चमचा. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. औषधाच्या दुकानात गोड चवीचे रंगीत खोके 'ओआरएस'सारख्या नावाने विकले जात. त्यात साखर कितीतरी जास्त, आणि जास्त साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली. तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलाय का ते बघूनच घ्या. आशाताईंकडे ते फुकट मिळतं. ग्लुकोजचं पाणी किंवा नुसतं शहाळं याला पर्याय नाही, शहाळ्यात सोडियम फारच कमी असतं. रात्री पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ हाताच्या अंदाजाने नको.

सोबत झिंक: दोन ते सहा महिन्यांना १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांवर २० मिलिग्रॅम, रोज एकदा, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. पुढचे दोन-तीन महिने जुलाब कमी होतात ते त्यामुळे. दूध पाजणं थांबवू नका, लंघन घडवू नका. मुगाचं वरण आणि मऊ भात, दहीभात, केळं, एरवीचं जेवण जमेल तसं. मोठ्या माणसांची जुलाब बंद करायची गोळी लहान मुलाला कधीच नाही. आतडं निपचित पडून पोट फुगतं. प्रतिजैविकांचा बहुतेक वेळा उपयोग नसतो, कारण जुलाब विषाणूचे असतात.

डॉक्टरांकडे कधी? सहा तासांत शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी, डोळे आणि टाळू खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसते, मूल सुस्त आहे किंवा काही पीतच नाही, शीत रक्त आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला यातलं काही दिसायची वाट न बघता दाखवायचं. आणि दोन वर्षांचं मूल आठवडेच्या आठवडे दिवसातून तीन-चार वेळा पातळ करतंय, पण मस्त खेळतंय आणि वजनही वाढतंय, तर खोक्यातला फळांचा रस बंद करून बघा. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

दवाखान्यात शीचा नमुना मागितला तर तो डायपरमधून खरवडून नेऊ नका. पाणी सगळं डायपर शोषून घेतो आणि तपासणीला काही उरत नाही. कापडी लंगोटावर प्लास्टिक अंथरा किंवा डायपर उलटा लावा, कोरड्या स्वच्छ डबीत एक-दोन चमचे घ्या, त्यात शू किंवा पाणी जाऊ देऊ नका, आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवा. डबीवर नाव आणि वेळ लिहा. फोटो न्यायचा तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी पांढरा कागद ठेवून काढा, म्हणजे रंगाबद्दल डॉक्टरांना तुमच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही.